आधी कॅन्सल करण्याचं बोलू

समोरच्या खुर्चीत गिऱ्हाईक नीट टेकायच्या आत काकू म्हणायच्या, "पहले कैन्सल करने की बात कर लेते हैं."

माणूस आलेला असायचा जहाजाचे फोटो बघायला. डेकवरचा स्विमिंग पूल, रात्रीची रोषणाई, टेबलावर रचलेली फळं. बायको शेजारी, मुलं मागे उभी, सगळ्यांच्या डोळ्यांत समुद्र. आणि ही उंच, चष्मेवाली बाई सांगायला लागायची की आज भराल ती बुकिंगची रक्कम, बाकीची अमुक तारखेपर्यंत, त्या तारखेच्या आत बेत रद्द केलात तर एवढं परत मिळेल, आणि तारीख उलटली की काही म्हणजे काही मिळणार नाही. कंपनीच्या अटी त्या मोठ्यानं वाचून दाखवायच्या, शाळेत धडा वाचावा तशा. मग गिऱ्हाईकाला विचारायच्या, काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा. काहीजण हसायचे, काही चिडायचे. एक गृहस्थ तर म्हणाले होते की मॅडमजी, आप टिकट बेचती हैं या डराती हैं? काकू म्हणाल्या, दोन्ही. आणि त्या गृहस्थांनी बुकिंग केलं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. गोड बोलायचं त्यांच्या जिवावर येतं, पण त्यांच्याकडे गेलेला माणूस दुसरीकडे जात नाही.

नवऱ्याची बदली दिल्लीला केंद्र सरकारच्या ऑफिसात झाली म्हणून मी पुण्याहून दिल्लीतल्याच द्वारका वस्तीत आले. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला काकू भेटल्या. वाण घेता घेता त्यांनी विचारलं, दिवसभर काय करतेस? मी म्हटलं, सध्या काहीच नाही. त्या म्हणाल्या, "मग उद्या ये." एवढीच माझी मुलाखत. आमच्या सेक्टरच्या मार्केटात केमिस्टच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. दोन टेबलं, एक प्रिंटर, आणि उतरणारी विमानं दिसतील अशी खिडकी. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी बंगळुरूला नोकरी करत होती. ऑफिस काकूंनी एकटीनं उभं केलं होतं.

जहाजाच्या सहली विकणाऱ्या या बाईला स्वतःला समुद्र सोसत नव्हता. एकदा एका कंपनीनं एजंटांना फुकट सहल घडवली, तेव्हा त्या जहाजावर सगळे दिवस उलट्या करत पडून होत्या. हे त्या लपवत नसत. कुणी विचारलं, "आपने देखा है जहाज?" की सांगायच्या, देखा है, जास्त करून बाथरूम. मग गोळी कुठली घ्यायची, जहाजाच्या कुठल्या भागातली खोली कमी हलते, हे इतक्या खात्रीनं सांगायच्या की माणसाचा विश्वास आणखीच बसायचा.

विमानाच्या तिकिटांचेही त्यांचे नियम होते. खोली पक्की झाल्याशिवाय विमान नाही. आणि जहाज ज्या गावाहून सुटतं तिथं आदल्या दिवशी पोचायचं. जहाज कुणासाठी थांबत नाही, त्या म्हणायच्या. नोएडाच्या एका आयटीवाल्या जोडप्यानं यावर खूप वाद घातला. एक रात्र हॉटेलात कशाला घालवायची, सकाळचं विमान वेळेत पोचतं. काकूंनी ते तिकीट काढायला साफ नकार दिला, म्हणाल्या, तुमचं तुम्ही काढा, मला त्यात घेऊ नका. त्यांनी काढलं. एप्रिलचं स्वच्छ आकाश, विमान वेळेआधी उतरलं. जोडप्यानं जहाजावरून अंगठा वर केलेला फोटो पाठवला. मला वाटलं, काकू खजील होतील. त्यांनी फोटो मोठा करून बघितला. "छान आलाय. पुढच्या वेळीही मी हेच सांगणार."

पण मला त्यांच्याविषयी सांगायचंय ते तीन बहिणींच्या सहलीमुळे.

गाझियाबादला राहणारा संजय एका उन्हाळ्यात आमच्याकडे आला. त्याच्या आईला सगळे अक्का म्हणत. अक्कांच्या दोन धाकट्या बहिणी, मंदा नागपूरला आणि सुमन पुण्याला. तिघींना मिळून जहाजानं जायचं होतं, मुंबईहून निघून गोवा, लक्षद्वीप आणि परत. कल्पना सुमनची. लग्नं झाल्यापासून तिघी एका छपराखाली कधी राहिल्याच नव्हत्या. लग्नकार्यात भेटायच्या, पण तेव्हा कुणी ना कुणी स्वयंपाकघरात असायचं. जानेवारीची तारीख ठरली. काकूंनी नेहमीप्रमाणे आधी कॅन्सल करण्याचं सांगितलं, संजयनं मान डोलावली, बुकिंगची रक्कम भरली.

बाकीचे पैसे भरायची मुदत दिवाळीच्या सुमाराला होती. मुदतीच्या आदल्या दिवशी संजय एकटाच आला. चेहरा उतरलेला. अक्कांना विसरायला होत होतं. सुरुवातीला चष्मा, किल्ल्या. मग एकदा कॉलनीतल्याच बागेतून त्यांना घरचा रस्ता सापडेना. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आजाराचं नाव सांगितलं. हळूहळू वाढत जाणार, म्हणाले. संजयला सहल रद्द करायची होती. जहाजावर आई हरवली तर? पहाटे उठून कठड्याशी गेली तर? मावश्या हट्ट करताहेत, पण त्यांना काय कळतंय, असं तो बोलत राहिला.

मी कॉम्प्युटरवर कॅन्सलेशनची खिडकी उघडलीही होती. काकूंनी विचारलं, "अक्का काय म्हणतात?"

संजय म्हणाला, तिला काय विचारणार.

"तुमची भीती खोटी नाही," काकू म्हणाल्या. "पण तिकीट त्यांच्या नावावर आहे. उद्या संध्याकाळपर्यंत मुदत आहे. त्यांना घेऊन या. मग तुम्ही म्हणाल ते करू."

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, इस्त्रीची साडी, केसात कुठलंसं पांढरं फूल. संजय त्यांच्या वतीनं बोलू लागला तसा काकूंनी हात वर करून त्याला थांबवलं आणि खुर्ची अक्कांच्या समोर ओढली. सगळं सांगितलं. जहाज कसं आहे, किती दिवसांचं आहे, आजाराचं काय आहे, मुलाला काय भीती वाटते. एक शब्द गाळला नाही, एक शब्द मऊ केला नाही. शेवटी विचारलं, "तुम्हाला जायचंय का?"

अक्कांनी पदर नीट केला. मग म्हणाल्या, "मला विसरायला होतं, हे मला कळतं हो. पण त्या दोघी मला ओळखतात ना? मग झालं."

संजय उठून बाहेर जिन्यात गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्यानं पैसे भरले.

मग काकू कामाला लागल्या. गॅलरीवाली खोली बदलून तीन पलंगांची, गॅलरी नसलेली खोली घेतली. जहाजाच्या कंपनीला अक्कांच्या तब्येतीचं लेखी कळवलं, आणि जहाजावर कुणाला सांगायचं त्याचं नाव मिळेपर्यंत त्यांना सोडलं नाही. विमानाची तिकिटं तारीख बदलता येईल अशीच काढली. मंदाताई नागपूरहून थेट मुंबईला. सुमनताई आधी पुण्याहून दिल्लीला, आणि मग त्या अक्कांना घेऊन मुंबईला, जहाजाच्या आदल्या दिवशी, दुपारच्या विमानानं. सकाळचं नको, धुकं असतं, काकू म्हणाल्या.

जहाजाच्या दोन दिवस आधी, सुमनताई दिल्लीला यायच्या त्याच दिवशी, धुकं पडलं. असं की आमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकीसुद्धा दिसेना. सुमनताईंचं दिल्लीचं विमान रद्द झालं. पुढच्या विमानाचं कुणी काही सांगेना. संजय फॅक्टरीच्या कामाला चेन्नईला गेलेला, तोही तिथंच अडकला. घरी त्याची बायको होती, पण तिला सातवा महिना. पुण्याच्या एअरपोर्टवरून सुमनताईंचा फोन आला, रडत होत्या. काकूंनी त्यांना सांगितलं, दिल्लीला यायचा नाद सोडा, घरी जा, आणि उद्या टॅक्सीनं सरळ मुंबईला निघा.

"आणि अक्का?" त्यांनी विचारलं.

"अक्का येताहेत," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी माझी शबनम आवरायला घेतली. मला वाटलं, मलाच पाठवणार. काकू म्हणाल्या, तू फोन सांभाळ. त्यांनी स्वतःच्या नावानं अक्कांच्या शेजारची सीट काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यातच टॅक्सी करून गाझियाबादला गेल्या, अक्कांना घेतलं, एअरपोर्ट गाठलं. दुपारचं विमान संध्याकाळी सुटलं. मध्ये दर थोड्या वेळानं मी फोन करत होते. प्रत्येक वेळी मागून अक्कांचा आवाज ऐकू यायचा, आपण कुठे चाललोय? आणि काकूंचं उत्तर, मुंबईला, जहाजावर. कंटाळा नाही, घाई नाही, दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं.

विमानात कुठेतरी अक्कांनी त्यांना मंदा म्हणून हाक मारली. काकूंनी ओ दिली. मग अक्का कितीतरी बोलल्या. आईनं दोघींना एकाच कापडाचे फ्रॉक शिवले होते ते, विहिरीत पडलेली बादली, कुणाशी तरी झालेलं भांडण. काकू नुसत्या हं म्हणत राहिल्या. नंतर मला सांगताना म्हणाल्या, "दोन तास मी मंदा होते. बरं वाटलं गं."

सकाळी बंदरावर तिघी भेटल्या. मंदाताईंनी धावत येऊन मिठी मारली, तर अक्का त्यांना म्हणाल्या, काल विमानात किती गप्प होतीस, आज बरी आहेस ना? मंदाताईंना काही कळेना. काकूंनी त्यांच्या हातात औषधांची पिशवी दिली, कुठली गोळी कधी ते समजावलं, आणि जहाजाकडे पाठ करून टॅक्सी शोधायला लागल्या. दुपारच्या विमानानं दिल्लीला परत.

सहल काही अगदी सुरळीत झाली असं नाही. एक दिवस अक्का घरी जायचं म्हणून खूप रडल्या. एका पहाटे खोलीतून बाहेर पडल्या, तेव्हा जहाजावरच्या ज्या माणसाला काकूंनी आधीच कळवून ठेवलं होतं, त्यानंच त्यांना हाताला धरून परत आणलं. पण खोलीतले तीन पलंग तिघींनी जोडून घेतले होते. सुमनताई सांगत होत्या की अक्का मध्ये झोपायची, आणि दिवा मालवल्यावर आम्हा दोघींना दटावायची, गप्पा पुरे आता.

अडीच-तीन महिन्यांनी संजय पेढे घेऊन आला, मुलगी झाली होती. जाता जाता म्हणाला की आईला जहाजाचं काहीच आठवत नाही. फोटो दाखवले तर विचारते, या कोण बायका? त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण काहीतरी हरल्यासारखं होतं.

काकूंनी पेढा तोंडात टाकला. "आठवायला कशाला हवं? गेल्या ना त्या."

संजयनं पेढ्यांचा डबा बंद केला. मग हसला. खूप दिवसांनी, असं मला वाटलं.

गेल्या वर्षी काकूंचे गुडघे फारच दुखायला लागले. केमिस्टवरचा तो जिना त्यांना चढवेना. मुलगी बंगळुरूला बोलावतच होती. एक दिवस त्यांनी ठरवलं आणि मग त्यावर चर्चा केली नाही. ऑफिस मला दिलं. दिल्लीतच वाढलेली माझी मुलगी म्हणाली, "आई, काकूआजी के बिना तू मॅनेज करशील?" मी म्हटलं, करीन. मला खात्री होती. मी तिथं इतकी वर्षं बसले होते, खात्री अंगात मुरली होती.

त्यांना सोडायला मी एअरपोर्टला गेले. दोन बॅगा, एक पर्स, गळ्यात चष्म्याची साखळी. गेटपाशी त्यांनी माझ्या गालाला हात लावला, म्हणाल्या, चल, जा आता, गाडी तिथं फार वेळ उभी करू देत नाहीत.

रांगेत त्यांच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांना ओळखपत्र सापडत नव्हतं, ते पिशवीतून कपडे बाहेर काढत होते, आजी घाबऱ्याघुबऱ्या होऊन दारावरच्या जवानाला काही सांगत होत्या. काकूंनी आजोबांच्या हातातलं तिकीट घेतलं, वाचलं, त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशाकडे बोट दाखवलं. कार्ड तिथंच होतं. मग त्यांची ट्रॉली स्वतःच्या पुढे घेतली, आपली एक बॅग आजोबांच्या हातात दिली, आणि आजींशी काहीतरी बोलत, मान किंचित वाकवून, काचेच्या दारातून आत गेल्या. मागे वळून बघायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

मी हात वर करून उभी होते. मागून एक टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.