झोपेच्या ओपीडीत नाव आलं की उठवा

गुरुवारी पप्पांना घेऊन परत ठाण्याला हॉस्पिटलमध्ये गेलेले. झोपेच्या ओपीडीत. हो, अशी ओपीडी असते... मलाही आत्ता आत्ताच कळलंय.

माझे पप्पा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीची स्टाफची बस चालवतात. कळव्यात आमच्या मजल्यावर त्यांच्या सकाळच्या घोरण्यावरून लोकांना कळतं की आज यांची दुपारची शिफ्ट आहे. त्यामुळे घोरण्याचं कधी कुणाला काही वाटलंच नाही... उलट सगळे हसायचे.

मग दिवाळीनंतर एकदा सिग्नलला बस उभी असताना त्यांचा डोळा लागला. सिग्नल सुटला, मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले, तरी हे गाढ. शेवटी बसमधल्या एका ताईंनी खांदा हलवला तेव्हा जाग आली. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःहून चावी सुपरवायझरच्या हातात दिली. घरी येऊन एवढंच बोलले, "माझ्या मागे चाळीस माणसं बसतात."

डॉक्टर म्हणाले, झोपेत श्वास अडकत असणार. पण रात्रभर मशीन लावून टेस्ट केल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. आणि मशीन एकच. आधी कान-नाक-घसा, मग छातीचा विभाग, मग ही झोपेची ओपीडी, ती फक्त गुरुवारी... आणि टेस्टची तारीख तिथेच मिळणार. तोवर पप्पांना कंपनीत गेटवर बसवलंय. आपलीच बस दुसऱ्या कुणी बाहेर काढताना ते रोज बघतात. आई म्हणते, हल्ली जेवताना पण बोलत नाहीत.

आता खरं सांगते. ही तारीख आम्हाला दीड महिन्यापूर्वीच मिळाली असती. माझ्यामुळे गेली.

मला एका जागी बसवत नाही, हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना माहितीय. कॉलेज पण त्यातच सुटलं. त्या दिवशी पप्पांना म्हटलं, पाच मिनिटांत चहा घेऊन येते. गेटबाहेर एक चावीवाले चाचा गंजलेल्या कुलपाचं नुसतं भोक बघून नवी चावी घासत होते... मी बघत उभीच राहिले. परत आले तर पप्पा खुर्चीत घोरतायत आणि दारातल्या मावशी म्हणतायत, "तीनदा नाव घेतलं गं! डॉक्टर उठले आता. पुढचा नंबर दीड महिन्यानंतरचा." पप्पा उठले, फाईल काखेत घातली आणि जिन्याकडे निघाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणून या गुरुवारी ठरवूनच बसलेले. फोन पण बॅगेत टाकला. आणि तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं... अख्खी रांगच झोपलेली! जगातली ही एकच ओपीडी असेल, जिथे ज्या त्रासासाठी आलोय त्याच त्रासापायी नंबर जातो.

शेजारच्या काकू डोंबिवलीहून एकट्याच आलेल्या. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "पोरी, तू जागी आहेस ना? मग मोहिते असं नाव पुकारलं की मला हलव. जोरात हलव, लाजू नकोस."

मागून कल्याणजवळच्या मोहन्याहून आलेले एक जाडजूड काका म्हणाले, "मला पण गं. चिमटा काढलास तरी चालेल."

"चिमट्याने काय होतंय त्यांना," काकू डोळे मिटूनच म्हणाल्या, "पाणी ओत."

बघता बघता माझ्या मांडीवर सहा फायली जमल्या. नाव आलं की मी खांदा हलवायचे आणि माणूस आत पाठवायचे. काकू गेल्या, काका गेले... एकदम मस्त चाललेलं.

मग एक आजी काठी टेकत आल्या. ईसीजी खालच्या मजल्यावर, आणि त्यांना जिना उतरवेना. पप्पांच्या आधी अजून चार नावं होती. काकू तेवढ्यात बाहेर आलेल्या. फायली त्यांच्याकडे दिल्या, म्हटलं, "पाच मिनिटं."

परत तीच पाच मिनिटं... खाली गर्दी, आजींची चप्पल निसटली, मग त्यांचा चष्मा सापडेना. त्यांना टेबलावर झोपवून मी धावत वर आले तर पप्पांची खुर्ची रिकामी. मी दाराकडे पळाले.

आणि मग काकू दिसल्या. त्यांचं काम कधीच झालेलं, खुशाल घरी जाता आलं असतं. पण त्या उरलेल्या फायली छातीशी धरून भिंतीजवळ उभ्या होत्या. उभ्या, कारण बसलं की डोळा लागतो.

"मधले दोघं आलेच नाहीत, नंबर लवकर आला," त्या म्हणाल्या. "गेलेत आत. कसले कुंभकर्ण आहेत गं तुझे पप्पा, दोन धपाटे घालावे लागले!"

पप्पा बाहेर आले ते कागद हातात घेऊनच. टेस्ट पुढच्या महिन्यात. मला म्हणाले, "कुठे गेलेलीस?" मी आजींचं सांगितलं. खूप दिवसांनी हसले. "चला... पहिल्यांदाच कामाचं भटकलीस."

घरी जाताना बसमध्ये ते माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. आमचा स्टॉप आला आणि गेला. पुढच्या स्टॉपला उठवलं.

डोंबिवलीच्या मोहितेकाकू, घाईत तुमचा नंबर घ्यायचा राहिला. तुमच्या ओळखीचं कुणी हे वाचत असेल तर त्यांना एवढा निरोप द्या... टेस्टच्या रात्री एकट्या जाऊ नका, मी येते. शेजारी बसेन. चहाला पण उठणार नाही.