हवेवरची होडी

संपत गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलो होतो. आदल्याच आठवड्यात दवाखान्यातून त्याला तसाच टाकून उठून आलो होतो. पुन्हा जाऊन कडाकडा भांडायचं ठरवलं होतं... तो थांबला नाही.

आमची ओळख शिरूरच्या कॉलेजातली, नव्वदच्या दशकातली. तो वडगाव रासाईचा, भीमेच्या काठावर वाढलेला. शिकायला शिरूरला खोली घेऊन राहायचा. बारावीच्या वर्षी दौंडला विज्ञान प्रदर्शन होतं, आणि मी हॉवरक्राफ्टचं मॉडेल करायचं डोक्यात घेतलं. खाली हवा मारून जमिनीपासून किंचित वर तरंगणारी गाडी. संपत तिला ‘हवेवरची होडी’ म्हणायचा. माझे वडील, आबा, म्हणाले, "चालली तर पुण्याला डिप्लोमाला धाडतो. न्हाई चालली तर गुमान रांजणगावला कंपनीत लागायचं." आबा शब्दाचे पक्के होते.

मग सगळा खेळ वजनाचा. प्लायवूडचा तळ जागचा हलेना, म्हणून टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल आणून त्याचे दोन थर एकमेकांना चिकटवले. भोवतीच्या झालरीला छत्रीचं कापड लावलं, तेही जड पडलं. शेवटी कापडदुकानातली पातळ प्लास्टिकची पिशवी कामाला आली. टेपरेकॉर्डरची मोटर वजनदार आणि संथ, खेळण्यातल्या गाडीची हलकी आणि चपळ. तशा दोन घेतल्या, एक हवा खाली मारायला, दुसरी होडी पुढं ढकलायला. सेल जमिनीवरच ठेवून बारीक वायरनं जोडले. संपत प्रत्येक तुकडा तळहातावर तोलायचा आणि म्हणायचा, "आजून हालकं पायजे." माझ्याइतकाच तोही त्यात बुडालेला होता, असं मी समजत होतो.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी वर्गातल्या फरशीवर होडी उचलली गेली आणि पाण्यावरच्या पानासारखी सरकत भिंतीपर्यंत गेली. मी आनंदानं ओरडलो. संपतनं वाकून सेलची वायर सोडवली.

"म्हंजी तू जाणार," तो म्हणाला.

होडी त्यानं आपल्या खोलीवर नेली. सकाळी एसटीत दौंडपर्यंत खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. मला किती बरं वाटलं होतं त्याचं...

दौंडच्या त्या गुळगुळीत फरशीवर मोटर घोंघावली, झालर फुगली, होडी थरथरली आणि तिथंच बसून राहिली. मी वायरी तपासल्या, सेल बदलले. परीक्षक पुढच्या टेबलाकडं गेले. आबा मागं उभे होते, ते बाहेर पडले. संपतनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वजान जास्त झालं आसंल. आन् होडी मीच घिऊन जातो, तुला बघवायची न्हाई."

त्यानं ती भीमेत सोडली, असं मला नंतर कळलं. पुढं दोघंही रांजणगावला एकाच कंपनीत लागलो, एकाच पाळीला. माझ्या लग्नात तो माझ्यापेक्षा जास्त नाचला.

दवाखान्यातल्या त्या शेवटच्या भेटीत काविळीनं खंगलेला संपत पलंगावरून म्हणाला, "अरुण, होडीच्या दोन थरांच्या मधी मी मासं धरायच्या जाळ्याचं शिसं घातलं व्हतं."

मला आधी समजेचना. मग विचारलं, "का रं?"

"तू गेला आसतास. मग मी कुणासंगं राह्यलो आसतो?"

सांगून तो मोकळा झाला. डोळे मिटून घेतले. मी माफ करीन, अशी त्याची खात्रीच असावी. मी उठलो.

आता भांडायला माणूस नाही. त्याच्या बायकोला काय सांगणार? ती म्हणते, "भाऊजी, तुमच्याबिगर ह्यांचं पान हालत नव्हतं." ते खरंच आहे, आणि तेच मला सहन होत नाही.

कंपनीच्या बसमध्ये संपत माझ्या आधीच्या थांब्यावर चढायचा. इतकी वर्षं त्यानं खिडकीजवळची जागा रुमाल टाकून माझ्यासाठी धरली. मला ती माया वाटायची. आता वाटतं, राखण होती. ती जागा अजून कुणी घेत नाही, पोरं मान ठेवून मला म्हणतात, "बसा मामा."

मी दांडा धरून उभ्यानंच रांजणगावला जातो.