हात सोडला की थांबणारं मशीन

आमच्या गवत कापायच्या मशीनने एका रविवारी माझ्या नवऱ्याला जेवढं चालवलं, तेवढं त्याच्या डॉक्टरांना आजवर चालवता आलेलं नाही. याचं श्रेय मशीन बनवणाऱ्यांना देता येणार नाही. ते माझं आणि माझ्या सासूबाईंचं आहे, आणि त्यातही मोठा वाटा माझा. कारण सासूबाईंनी मशीनची पुस्तिका वाचली नव्हती. मी वाचली होती. पेन्सिलने खुणा करून!

मी मानकोलीच्या एका मोठ्या गोदामात सेफ्टी ऑफिसर आहे. हेल्मेट न घालता आत आलेला माणूस मला लांबून ओळखू येतो. (मीही त्याला लांबून ओळखू येते, म्हणून तो दुसऱ्या दाराने जातो.) फोर्कलिफ्टपासून किती अंतरावर उभं राहावं, शिडी कशी धरावी, यावर मी कितीही वेळ बोलू शकते आणि बोलतेही. घरात तर माझ्यासमोर कोणी स्टुलावर चढत नाही. माळ्यावरचं काही हवं असेल तर सगळे माझ्या ड्युटीची वाट बघतात.

आमचं घर वडप्याजवळ. सासऱ्यांचे पॉवरलूम होते. ते गेले, धंदा बसला आणि माझ्या नवऱ्याने, दिनेशने, लूम भंगारात काढले. जमिनीचा पुढचा भाग गोदामाला गेला. मागे उरलेल्या तुकड्यावर त्याने हिरवळ लावली, कमान उभी केली आणि लग्नाचं लॉन सुरू केलं. आमच्या भागात लग्न एक वेळ साधं होईल, पण हळद दणक्यात झालीच पाहिजे. त्यामुळे लॉन चालणार याबद्दल दिनेशला शंका नव्हती. गिऱ्हाइकांना होती. पाऊस सरत आला तरी एकही हळद आमच्याकडे फिरकली नाही.

सासूबाईंना मुळात त्या जागेत वाल लावायचा होता. त्या रोज गवताकडे असं बघायच्या, जणू ते पाहुणं म्हणून आलंय आणि जायचं नाव घेत नाहीये.

"दसऱ्याच्या आत कुनी आला न्हाय ना," त्यांनी दिनेशला सांगून टाकलं, "तं मी तुजा सगला गवत उपटनार नि वाल पेरनार. वाल निदान खाता तरी येतो!"

दिनेश कमान पुसायला निघून गेला. तो बोलतच नाही. लूम गेल्यापासून हा माणूस स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा वावरत होता. पाणीसुद्धा हळू आवाजात मागायचा. खरं सांगते, लॉनचं मला काही नव्हतं, पण त्याचा तो चेहरा मला बघवत नव्हता. एक तरी बुकिंग यावं, म्हणून मी देवाला नवस बोलायचीच बाकी होते.

आणि नाना पाटलांचा फोन आला! हायवेच्या पलीकडच्या गावातली बडी असामी. मुलाची हळद करायची होती आणि रविवारी सकाळी ते जागा बघायला येणार होते. दिनेशने फोन ठेवला आणि लॉनकडे बघितलं. पावसाने गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं. त्यात एखादी हळद हरवली असती.

म्हणून मशीन आलं. हातात धरून मागे मागे चालायचं, पण पक्कं धंद्याचं मशीन. पेट्रोलवर चालणारं, स्वतःच्या जोरावर पुढे जाणारं, पोटाखाली वीतभर रुंद नव्हे, चांगलं हातभर रुंद पातं. पुस्तिका मी ताब्यात घेतली आणि शनिवारी संध्याकाळी घरच्यांना समोर बसवून प्रशिक्षण दिलं.

"गवतात दगड, काटकी, तार काही ठेवायचं नाही. पात्यात गेलं तर उडून कोणाचा डोळा फोडेल. चपला चालणार नाहीत, बूट हवेत. खाली हात घालण्याआधी प्लगची वायर काढायची. गरम इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही, म्हणून आधीच भरपूर भरून ठेवायचं."

"आनि रांधाचा कवा?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, हे महत्त्वाचं ऐका. ही हँडलजवळची दांडी बघा. ही हँडलला दाबून धरली तरच मशीन चालतं. हात सोडला की दांडी मागे येते आणि सगळं जागच्या जागी बंद! माणूस चक्कर येऊन पडला तरी मशीन पुढे जाणार नाही."

"चांगला हाय," सासूबाई म्हणाल्या. "तुज्या सासऱ्याला अशी दांडी पायजे व्हती."

रविवारी सकाळी सुरुवात अर्थातच पूजेने झाली. आमच्या घरात नवी वस्तू पूजेशिवाय चालत नाही. मोबाईलच्या चार्जरलाही हळदकुंकू लागलेलं आहे. मी मात्र डोळ्यात तेल घालून उभी होते. नारळ गवतात फोडायचा नाही, करवंटीचे तुकडे उडतील, म्हणून मी सासूबाईंना कुंपणाबाहेर पाठवलं. चाकाखाली ठेवलेली लिंबं पूजा झाल्याबरोबर वेचून घेतली. अक्षतासुद्धा ताटातच टाकायला लावल्या. झेंडूचा हार तेवढा पुढे राहू दिला, कारण सासूबाईंचा चेहरा आता अपघातापेक्षा धोकादायक दिसायला लागला होता.

मी लिंबं वेचत असताना सासूबाईंनी मशीनला सूत बांधलं.

घरातला लाल नाडा संपला होता. पण लूमवाल्यांच्या घरात सुताला काय तोटा? जुन्या शेडमधून त्यांनी पॉलिस्टर सुताचा अर्धा कोन, म्हणजे मोठं रीळ, आणला, सूत हळदीत बुडवलं आणि हँडलला गुंडाळायला घेतलं. हँडल आणि ती दांडी अशा दोन दांड्या वेगवेगळ्या का ठेवल्यात, ते त्यांना पटेना. ("सुट्या सुट्या बऱ्या न्हाय दिसत," असं त्यांनी नंतर सांगितलं.) म्हणून त्यांनी दोन्ही एकत्र घेतल्या आणि कोन संपेपर्यंत गुंडाळल्या. शेवटी गाठ मारली. आता सासूबाईंची गाठ म्हणजे काय, हे सांगायला हवं. उभी हयात त्यांनी लूमवर सुताच्या तुटलेल्या तारा जोडल्या आहेत. त्यांनी मारलेली गाठ कापडासोबत जुनी होते, सुटत नाही.

मी हँडलवर सूत पाहिलं. छान दिसत होतं. मी दोरी ओढली, मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि चालायलाच लागलं. दांडी दाबावीसुद्धा लागली नाही! मला वाटलं, हात बसला आपला.

मी गवताचा पहिला पट्टा कापला, दुसरा कापला. दिनेश कडेला उभा राहून कौतुकाने बघत होता. आणि ठरल्या वेळेच्या चांगलं आधी नानांची गाडी कमानीसमोर येऊन थांबली. नाना उतरले. पाठोपाठ त्यांची थोरली बहीण उतरली. तिला सगळे आक्का म्हणतात आणि तिने मान हलवल्याशिवाय त्या घरात लग्नच काय, आमटीसुद्धा उकळत नाही.

मी मशीनमागून नेमकी त्यांच्याच दिशेने येत होते. मोठी माणसं दारात आलेली, आणि घरच्या सुनेने मशीन धरून नुसती मान हलवायची? आमच्याकडे असं चालत नाही. शिवाय मनात म्हटलं, सुरक्षितता काय असते तेही यांना दिसू दे.

"नाना, घाबरू नका हं!" मी इंजिनच्या आवाजावर ओरडले. "हात सोडला की हे थांबतं!"

आणि दोन्ही हात सोडून मी वाकून नमस्कार केला.

मान वर केली तेव्हा मशीन माझ्यापासून बरंच पुढे गेलं होतं.

नाना आधी जागचे हललेच नाहीत. समोरून हार घातलेलं मशीन एकटंच चालत येतंय म्हटल्यावर त्यांना वाटलं, स्वागताचीच काहीतरी नवीन पद्धत असेल. ते चक्क हसले! तेवढ्यात हार घसरून पात्याखाली गेला आणि बाजूच्या तोंडातून झेंडूचा पिवळा पाऊस आक्कांच्या नऊवारीवर पडला.

"वा!" नाना म्हणाले. "फुला पन उरवतंय!"

"नाना, बाजूला व्हा!" मी किंचाळले.

नाना बाजूला झाले. आक्का प्लास्टिकच्या खुर्चीवर चढल्या. (खुर्चीवर उभं राहू नये यावर माझं एक वेगळं व्याख्यान आहे. ते त्या वेळी सुचलं नाही.) मशीनने स्वागताच्या लाल गालिच्याची कड खाल्ली आणि ते नानांच्या नव्या गाडीकडे वळलं. माझ्या नशिबाने दिनेश धावला, मागून हँडल धरलं आणि सगळा जोर लावून मशीन पुन्हा गवताकडे फिरवलं.

"बंद कर ना!" मी ओरडले.

"कसं?" तो ओरडला. "हात सोडला की थांबतं म्हणालीस ना!"

त्याने वेगाची खिटी खाली ओढली. तिच्यावर वर सशाचं चित्र होतं आणि खाली कासवाचं. मशीन कासवावर आलं. कासवाच्या खाली काहीच नव्हतं. आता ते सावकाश, पण ठामपणे चालत राहिलं आणि दिनेश त्याच्या मागे.

मी कात्री आणली. इथे आक्का खुर्चीवरूनच गरजल्या.

"काय करतंस? पूजेच्या सुताला कात्री?"

"अहो आक्का, दांडी बांधली गेलीय. सूत कापलं की लगेच..."

"हलदीची जागा बघाला आलो नि समोर हलदीचा सूत कापनार? नाना, गारीत बस! आपल्या पोराची हलद इथं न्हाय व्हाची."

"बरोबर हाय आक्कांचा," सासूबाई म्हणाल्या. त्या कोणाच्या बाजूने होत्या, हे मला आजही कळलेलं नाही. "पूजेचा सूत कापाचा न्हाय. सोराचा."

"मग सोडा ना, आई!"

सासूबाई निमूट जाऊन दिनेशच्या शेजारी हँडलला लागल्या आणि चालता चालता गाठ सोडायला लागल्या. मायलेक एकाच हँडलला धरून, हळदीचं सूत मध्ये, संथपणे लॉनला फेरी घालतायत. फक्त भटजी नव्हता. एक फेरी झाली, दुसरी झाली. सासूबाई घामाघूम होऊन बाजूला झाल्या.

"जल्मभर गाठी मारल्या," त्या म्हणाल्या. "सोराला कुनी शिकवलाच न्हाय!"

चालू इंजिनाच्या प्लगला हात लावायला पुस्तिकेत सक्त मनाई होती. म्हणजे आता उपाय एकच होता: पेट्रोल संपण्याची वाट बघणं. आणि पेट्रोल भरपूर होतं. ते कोणी भरायला लावलं होतं, हे दिनेशने विचारलं नाही. प्रत्येक फेरीला माझ्यासमोरून जाताना फक्त माझ्याकडे बघितलं.

मी गोदामात असते तर जागा रिकामी करून भोंगा वाजवला असता. इथे मी चहा केला. पाहुण्यांना गवतापासून लांब, कमानीखाली बसवलं आणि बुकिंगची बोलणी सुरू झाली. मालक फेऱ्या मारत होता, त्यामुळे नानांनी प्रश्न विचारायचा आणि दिनेशने फेरी पुरी करून उत्तर द्यायचं, असं ठरलं.

"मानसा किती बसतील?"

दिनेश टोकाला पोचला, वळला, परत आला. "गाव जेवेल, नाना!" आणि गेला.

"डीजेला तुमची काय तक्रार?"

वळला, आला. "तक्रार नाय! आजूबाजूला गोदामंच हायत!" आणि गेला.

"पार्किंग?"

या उत्तराला वेळ लागला, कारण मध्येच त्याच्या बुटाची नाडी सुटली. हात सोडता येत नसल्याने तो एक पाय घासत चालत होता. मला हसूही येत होतं आणि रडूही. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, चेहरा लालबुंद झाला होता. पण लूम गेल्यापासून पहिल्यांदाच तो मोठ्या आवाजात बोलत होता! ओरडावंच लागत होतं म्हणा. तरी ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी चहात साखर दोनदा घातली.

अखेर इंजिन खोकललं, थरथरलं आणि गप्प झालं. दिनेश तिथेच गवतात बसला. माझ्यातली ऑफिसर तेवढ्यात जागी झाली. आधी प्लगची वायर काढली, इंजिन गार होऊ दिलं, मग कुठे मशीन कलतं करून पोटातून झेंडू आणि गालिचा खरवडून काढला. हे सगळं पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे केलं. बघायला कोणीच नव्हतं. सगळे लॉनकडे बघत होते.

कारण लॉन इतकं सुंदर कधीच दिसलं नव्हतं. कासवाच्या चालीने, एकावर एक फेऱ्या मारून दिनेशने ते गालिच्यासारखं (उरलेल्या गालिच्यासारखं) करून टाकलं होतं. आक्का चपला काढून त्यावरून चालून आल्या. आक्कांनी मान हलवली.

"जागा पसंत हाय," नाना म्हणाले. "पोराची हलद इथंच. मानूस दमला, पन हँडल सोरला न्हाय. अशा मानसाकडं काम द्याला काय हरकत न्हाय."

दिनेश गवतातूनच हसला. सासूबाई पदराने नाक पुसत आत गेल्या आणि वालाचा विषय त्यांनी त्या वर्षापुरता तरी मिटवला.

"पन एक अट हाय," आक्का म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "हलदीच्या दिवशी पावन्यांना कोनीबी नमस्कार करू दे. हिनं न्हाय कराचा."

अट मी मान्य केली. हळदीच्या दिवशी नवी साडी नेसून, दोन्ही हात पाठीमागे धरून मी कमानीत उभी राहिले. सगळं गाव माझ्यासमोरून आत गेलं आणि जाताना एकमेकांना सांगत गेलं, की लॉन झकास आहे, मालक देवमाणूस आहे, पण मालकीण भलतीच मिजासखोर!