हलव्याचं उत्तर

हे मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही. आईपाशी नाही, नवऱ्यापाशी नाही, आणि जिच्याशी बोलायला हवं होतं तिच्याशी तर नाहीच. तिला सांगायची गरजही नव्हती म्हणा — पण त्याकडे मी येते. हळूहळू येते. तसं मोठं काही नाही यात. कुणी मेलं नाही, कुणी पळून गेलं नाही. ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? मीही इतकी वर्षं स्वतःला तेच म्हणत आले आहे.

आमचं घर काचीगुड्यात, स्टेशनच्या इतकं जवळ की गाड्यांच्या घोषणा आम्हाला तिन्ही भाषांत पाठ. खाली आम्ही, वर भाडेकरू. आमच्या तेलुगू राज्याचे दोन तुकडे होणार, होणार, असं जेव्हा चाललं होतं तेव्हा वर हारिकाचं कुटुंब राहायचं. तेलुगू माणसं, राजमहेंद्रीकडची, म्हणजे दुसऱ्या तुकड्यातली, वडील सरकारी कचेरीत. हारिका माझ्याच वयाची आणि माझ्याच कॉलेजात. कॉलेज तेव्हा भरायचं कमी आणि बंदच जास्त असायचं. तारनाक्याला विद्यार्थी रस्त्यावर उतरले की इकडे आमच्या बस थांबायच्या. मग आम्ही दोघी माझ्या खोलीत, कॉम्प्युटरसमोर, मंगा वाचत बसायचो.

मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. आम्ही वाचायचो त्या प्रेमाच्या, कुणीतरी इंग्रजी करून नेटवर टाकलेल्या. पानं उजवीकडून डावीकडे वाचायची. आमचे आजोबा उर्दूत शिकलेले, मरेपर्यंत उर्दू पेपर वाचणारे. ते एकदा मागे येऊन उभे राहिले, आमची बोटं पडद्यावर कशी सरकतात ते पाहिलं आणि म्हणाले, चला, घरात कुणाला तरी सरळ वाचता यायला लागलं.

या गोष्टींत काय असतं? मुलगी मुलाला सांगते, मला तू आवडतोस. वाकून, डोळे मिटून सांगते. होकार एकीलाच मिळतो, बाकीच्यांना नकार. नकार मिळालेली मुलगी हसते, ऐकून घेतलंस, थँक्यू, असं म्हणते, आणि कोपऱ्यावर वळल्यावर रडते. त्या रडण्याला चित्रकार चांगली दोन पानं देतो — वारा, पाकळ्या, सगळं. हारिका त्या पानांवर थांबायची. ओढणीने डोळे पुसायची. मी नाही. मी पडले तज्ज्ञ. हिला तो मिळणार नाही हे पहिल्या पानावर दिसतंय, मी म्हणायचे, मग हिलाच कसं दिसत नाही? हारिका माझ्याकडे आदराने बघायची. तो आदर मला आवडायचा. खोटं कशाला बोलू?

— खोटं कशाला बोलू म्हणाले खरी.

ओंकार पुढच्या गल्लीतला. आपल्यातलाच, मराठी. त्याची आई आणि माझी आई एका भजनी मंडळात, त्यामुळे त्याचं आमच्याकडे येणंजाणं असायचं. निरोप द्यायला, डबा परत करायला, कधी नुसताच. मी त्याला विचारलं होतं. आदल्या वर्षी, गणपतीत, त्याच्या गाडीपाशी उभी राहून. वाकले नाही की डोळे मिटले नाहीत. तो वाईट नाही बोलला. माझ्या मनात तसं कधी आलंच नाही गं, म्हणाला. मग त्याने हातातलं हेल्मेट मला धरायला दिलं, कारण गाडीला किक मारायची होती. मी धरलं. गाडी सुरू झाल्यावर परत दिलं. माझी दोन पानं ती एवढीच. घरी येऊन मी मोदकांचं सारण परतलं. रडू आलं नाही, काहीच आलं नाही. आजही त्या जागी बोट ठेवलं तर काही लागत नाही.

हे मी हारिकाला सांगितलं नाही. कसं सांगणार? मी तज्ज्ञ होते ना.

मग ती थंडी आली. राज्य तुटणार हे आता नक्की झालं होतं. हारिकाच्या घरी रोज तोच विषय, जायचं कधी आणि तिकडे घर कुठे बघायचं. आणि एका बंदच्या दिवशी तिने मला सांगितलं की तिला ओंकार आवडतो. केव्हापासून, ते तिलाही माहीत नव्हतं. जाण्याआधी एकदा त्याला सांगायचं, एवढंच तिच्या मनात होतं. माझ्याकडे वळून तिने विचारलं,

“सीधा बोल दूँ क्या?”

इतका साधा प्रश्न. हो तरी म्हणायचं, नाही तरी. तुम्ही काय म्हणाला असता? मी पुढचं पान काढलं. पडद्यावर योगायोगाने चॉकलेटचा प्रसंग चालू होता. तिकडे फेब्रुवारीत एका दिवशी मुली आवडत्या मुलाला घरी केलेलं चॉकलेट देतात, आणि मुलगा महिन्याभराने उत्तर देतो. हारिकाने तिकडे बोट दाखवून विचारलं, तुमच्यात असलं काही असतं का?

मी म्हटलं, असतं.

संक्रांतीचा हलवा, मी म्हटलं. मुलीने स्वतःच्या हाताने केलेला, आणि वेगळा काढून दिलेला. मुलाने तिथल्या तिथे तोंडात टाकून ‘गोड बोला’ म्हटलं, तर त्याच्या मनात आहे असं समजायचं. पण लगेच विचारायचं नाही. उत्तर तो रथसप्तमीपर्यंत देतो.

तुम्ही मराठी आहात, तुम्हाला सांगायला नको. हलवा आपण कुणाला देत नाही? दूधवाल्याला देतो, गॅसवाल्याला देतो, वर्षभर ज्यांच्याशी भांडलो त्यांना तर मुद्दाम जाऊन देतो. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो हे मात्र खरं आहे. खऱ्यातच मी माझं कालवलं, म्हणून तिला शंका आली नाही. आणि शंका तरी का यावी? आमच्या रीती तिला माझ्याकडूनच तर कळायच्या.

हलवा तिने आमच्याच स्वयंपाकघरात केला. मंद शेगडीवर पितळी परात, परातीत तीळ, वरून चमचा चमचा पाक, आणि बोटांनी हलवत राहायचं. घाई केली तर गोळे होतात, थांबलं तर काटा येत नाही. सकाळच्या थंडीत येऊन ती रोज बसायची. मध्येच मला हाक मारायची, “काँटे आए क्या?” मी बघून म्हणायचे, नाही अजून. तिची बोटं पोळून लाल झाली होती. मंगातल्या मुलींच्याही बोटांना चॉकलेट करताना पट्ट्या लागतात, म्हणून ती लाल बोटं तिने मला कौतुकाने दाखवली. आई म्हणाली, तेलुगू मुलगी असून केवढी चिकाटी, नाहीतर आमची. आईला बिचारीला काय माहीत.

काटे आले. टपोरे, पांढरे, आमच्या घरात कधी आले नव्हते असे.

संक्रांतीला ओंकार दरवर्षीसारखा आला. हारिका जिन्यातून खाली आली, लहानशी वाटी घेऊन. त्याने हात पुढे केला, सगळा हलवा एकदम तोंडात टाकला, ‘गोड बोला, गोड बोला’ असं जे तो त्या दिवशी घरोघर म्हणत आला असेल ते म्हणाला, आणि माझ्या वडिलांना क्रिकेटचा स्कोअर विचारला. हारिकाने माझ्याकडे पाहिलं. आहे का? असं तिचे डोळे विचारत होते.

मी मान हलवली. आहे, म्हणून.

तेवढी मान मी हलवली नसती तरी बरंच निभावलं असतं. एवढी एक मान. पण हलवली.

मग ते तीनेक आठवडे. ती किती आनंदात होती, हे मी तुम्हाला कसं सांगू? गच्चीवर कपडे वाळत घालताना गायची. माझ्याकडून मराठी वाक्यं शिकायची. मी शिकवायचे. मला वाईट वाटत होतं का, असं तुम्ही विचाराल. नव्हतं वाटत. तांदळातले खडे निवडताना जसं डोकं रिकामं असतं तसं होतं.

रथसप्तमीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. आईने बेगम बाजारातून वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या होत्या आणि त्यांचं ताट माझ्या हातात होतं. आत बायकांचा कलकलाट. ओंकार त्याच्या आईला न्यायला आला आणि व्हरांड्यात थांबला. हारिका रेशमी परकर-ओढणी नेसून बाहेर गेली. मी ताट घेऊन दारात. तिने त्याला सरळ म्हटलं, आज शेवटचा दिवस आहे ना, उत्तर द्या. कशाचं उत्तर, त्याने विचारलं. हलव्याचं, ती म्हणाली, आणि मग तुटक तुटक सगळं बोलली — मी तिला जे जे सांगितलं होतं ते. माझं नाव तेवढं घेतलं नाही.

ओंकार हसला. वाईट हेतूने नाही. त्याला खरंच वाटलं की आम्ही दोघी मिळून त्याची फिरकी घेतोय. त्याने मला विचारलं, “क्या बोल रही ये? हलवा तो सबकू देते ना?”

आता बोलायचं होतं मला. मीच सांगितलं तिला, खोटं सांगितलं, एवढं वाक्य. ताट हातात होतं. मी वरची गाळणी सरळ केली. मी हारिकाकडे बघितलं आणि म्हणाले,

“कौन बोला तेरेकू ऐसा?”

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. तिला कळलं, सगळं कळलं, ते मला दिसलं. मग ती ओंकारकडे वळून म्हणाली, “कोई नै बोले. मैंच समझ ली.” आणि हसली. थँक्यूसुद्धा म्हणाली त्याला. मग आत आली, माझ्या ताटातली एक गाळणी घेतली, आईला वाकून नमस्कार केला आणि वर गेली.

त्या दिवशी तिला दोघांनी नाही म्हटलं. त्याने न कळता. मी कळून. आणि तिने लाज राखली ती माझी.

पण खरी गोष्ट अजून पुढेच आहे. इतका वेळ मी तिच्याभोवतीच फिरते आहे. हा खोटेपणा मी का केला? ती नाकारली जावी म्हणून? मला एकटीलाच नकार मिळाला असं राहू नये म्हणून? बरीच वर्षं मी स्वतःलाही हेच सांगितलं, कारण ते त्यातल्या त्यात बरं वाटतं. तसं नव्हतं. मला भीती होती की तो तिला हो म्हणेल. ती सरळ बोलली असती — सीधा, जसं ती विचारत होती तसं — तर म्हणालाही असता. तिच्याशी बोलताना तो गाडी बंद करून बोलायचा, हे मी पाहिलं होतं. म्हणून मी तिच्या हातात असं काही दिलं की ज्याचा त्याला काहीच अर्थ लागणार नाही. तिचं विचारणंच मी मोडून ठेवलं.

ती पुढे कधी त्याबद्दल बोलली नाही. मंगा वाचायला यायची, पूर्वीसारखीच. फक्त त्या दोन पानांवर थांबायची नाही. राज्य दोन झालं, काही काळाने तिच्या वडिलांची कचेरी विजयवाड्याला हलली, आणि एका सकाळी टेम्पोत सामान भरून ती माणसं गेली. जाताना तिने मला मिठी मारली. मीही मारली. आई रडत होती.

नंतर एकदा ओंकारने विचारलं, हारिका कुठे असते गं आता? नंबर आहे का तिचा? मी म्हटलं, विजयवाड्याला असते, नंबर बदलला बहुतेक. त्याने पुन्हा विचारलं नाही. नंबर माझ्याकडे होता. आहे.

आता सगळ्यांची लग्नं झाली. त्याचं झालं, माझं झालं, तिचं तर सगळ्यांत आधी. मी अजून काचीगुड्यातच आहे, माहेरापासून दोन गल्ल्या पलीकडे. संक्रांतीला माझ्याकडे विकतचा हलवा असतो, पाकिटातला.

हारिका मात्र तिकडे घरी करते. दरवर्षी करते. संक्रांतीच्या सकाळी तिचा फोटो येतो — पितळी परात, पांढराशुभ्र हलवा, आणि एका कडेला तिच्या लाल बोटांची टोकं. खाली एकच ओळ असते. “काँटे अच्छे आए ना?”

मी फोटो मोठा करून बघते. मग लिहिते, “हौ. अच्छे आए.”