मांडवावरची सुकेळी

शांतामावशी बाजारात भिंतीच्या कडेने चालायची. मोकळा चौक आला की लांबचा वळसा घ्यायची. चहाला बसली की पाठीला भिंत लागायची. रस्त्यात कुणाशी बोलताना तिचे डोळे समोरच्या गच्चीवर असायचे. फटाका वाजला की आधी शेजारच्याचं डोकं खाली दाबायची, मग ओशाळून हसायची. कपडे ओसरीतच वाळत घालायची, भर उन्हाळ्यातही. तिच्या लुगड्यांना कायम कुबट वास असायचा.

मी निर्मळ गावी तिच्या वाडीत फुलं घ्यायला जायचे. तिथून ओळख वाढली. ती सत्तरीची, मी पंचविशीची. आम्हाला मैत्रिणी म्हटलं की रिचर्डकाका हसायचे. बाजारात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. बाजारात गोळीबार झाला, त्या दिवशी ते तिच्याजवळ होते.

त्या दिवसाबद्दल बाजारात अजून प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे. कुणी म्हणतं, गच्चीवरचा माणूस फौजेतून पळालेला होता. कुणी म्हणतं, जमिनीच्या भांडणातली सुपारी होती. बंदुकीला दुर्बीण होती, एवढ्यावर एकमत. पोलिसांनी त्याला गच्चीवरच मारलं. कारण त्याच्याबरोबर गेलं.

मावशीने तिची गोष्ट मला एकदाच सांगितली. तिचा नवरा रामनाथ बाजारात सुकेळी विकायचा. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली. आदल्या दिवशी ढग आले होते, सुकेळ्यांना ओल राहिली होती. रामनाथ भिंतीच्या सावलीत बसला होता. ती म्हणाली, "अहो, टोपली उन्हात न्या. बुरशी धरेल."

तो टोपली घेऊन चौकात गेला. आवाज झाला. सगळ्यांना वाटलं, वरात आली. रामनाथ टोपलीवर आडवा झाला.

ती धावली. रिचर्डकाकांनी तिला दुकानाच्या फळीखाली ओढलं आणि तिचा पदर आपल्या मनगटाला गुंडाळला.

"फळीखालून यांचा हात दिसत होता," मावशी म्हणाली. "हलत होता. ऊन चढत होतं. मला एवढंच वाटायचं, यांना सावलीत ओढावं. मी पदराला हिसका दिला की वरून बार."

"मग?"

"मग हात हलायचा थांबला. तरी रिचर्डने सोडलं नाही."

त्यानंतर तिने सुकेळी केली नाहीत. ती उन्हाशिवाय होत नाहीत, आणि उन्हात उभं राहणं तिला जमेना. राजेळीचे घड ती कच्चेच विकून टाकायची.

या हिवाळ्यात रिचर्डकाका ओसरीवर येऊन बसले. "वहिनी, बाजारातली सुकेळी चपलेच्या तळव्यासारखी लागतात."

"मग चप्पल खा."

"तुमच्या हातची खाऊन मरायचंय."

"तू काय मरतोस! मलाच पोचवून जाशील."

ते गेल्यावर तिने ओसरीतूनच राजेळीचे घड मोजले. मग म्हणाली, "एक घड ठेवते. बघू, जमतं का."

केळी पिकली. वाडीच्या मधोमध तिने केळी वाळवायला बांबूचा कमरेएवढा मांडव घालून घेतला. तिथे दिवसभर ऊन असतं. तिथूनच कुंपणापलीकडच्या नव्या इमारतीची गच्चीही दिसते. सोललेली केळी सुपात घेऊन ती ओसरीच्या कडेला उभी राहिली. एक पाऊल खाली टाकून तिने ते मागे घेतलं. मी म्हटलं, "द्या, मी पसरते."

"नको. तू इथेच थांब."

ती गेली. मान खाली, खांदे आखडलेले. केळी मांडली आणि जवळजवळ पळत परत आली. संध्याकाळी ती गोळा करून केळीच्या सुक्या पानांत बांधली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. रोज ती मांडवापाशी थोडी जास्त थांबू लागली.

केळी तांबूस झाली, मऊ पडली. त्या दुपारी ती एकेक उलटत होती. मी तिच्या मागे उभी होते. कुंपणापलीकडे एकदम फटाक्यांची माळ फुटली. मी ओसरीकडे धावले. छपराखाली पोचून वळून पाहिलं. मावशी जागेवरच होती. पाठ ताठ. बोटं मांडवाच्या बांबूवर आवळलेली. ती गच्चीकडे बघत होती. माळ संपेपर्यंत तिने नजर हलवली नाही.

"लग्न आहे गो," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "ये बाहेर."

मी गेले. तिने आणखी थोडी केळी उलटली. मग पदराने कपाळ पुसलं.

"दमले. जरा पडते. उरलेली उठल्यावर उलटते."

ती ओसरीवर आडवी झाली. ऊन उतरायला लागलं म्हणून मी हाक मारली. पुन्हा मारली. मग खांद्याला हात लावला.

डॉक्टर येऊन गेले. त्यांच्यामागून रिचर्डकाका आले. तिच्या उशाशी बसले आणि तिचा पदर मुठीत धरून राहिले. मी वाडीत गेले. कोपऱ्यात सुकी पानं काढून ठेवलेली होती. मांडवावर अर्धी केळी तांबूस बाजू वर करून पडली होती. उरलेल्या अर्ध्यांची खालची बाजू अजून ओली होती.