पांझरेकाठच्या पुऱ्या

मी बायकोशी खोटं बोललो. एकदा नाही, सलग सहा हिवाळे.

थंडी पडली की ऑफिसातले आम्ही काही जण रविवारी धुळ्यात पांझरेच्या काठी भरीत पार्टी करायचो. कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून हिरवी वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, जेवून वाळूत पडून राहायचं. धूर पाण्यावरून सावकाश पलीकडे जायचा. ऊन कलता कलता आपण जागे आहोत की झोपेत, तेही कळायचं नाही.

भरितासोबतच्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या माझ्या घरून यायच्या. बायको सकाळपासून त्या लाटायची. पहिल्याच वर्षी तिनं विचारलं होतं, "मी बी येऊ का?"

"तिथे बायका येत नाहीत," मी म्हणालो.

सगळ्यांच्या येत होत्या. ती साक्रीकडच्या खेड्यातली, तोंडात अहिराणी. मला तिच्या बोलण्याची लाज वाटायची. मीही त्याच बोलीत वाढलो, पण नोकरी लागल्यापासून ती माझ्या तोंडून गेलीच.

गेल्या हिवाळ्यात एका सहकाऱ्याची बायको आमचा डबा परत द्यायला आली. "वहिनी, पुऱ्या झकास हो. पण तुम्ही नदीवर का येत नाही? भाऊ म्हणतात, तुम्हाला धूर सोसत नाही."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मग तिला म्हणाली, "हां, नही सोसत."

तिनं मला सांभाळून घेतलं. पुढच्या रविवारी नेहमीसारख्या पुऱ्याही लाटल्या. डबा उचलून मी दारात थांबलो. "चल," मी म्हणालो.

काठावर पोचताच तिनं जाळ पाहिला. "भाऊ, जाळ कमी करा. वांगं करपी जाई."

"घ्या, आज मालकीणच आली," कुणीतरी म्हणालं आणि जाळ सारायची काडी तिच्या हाती दिली.

जेवणानंतर ती पाण्यात पाय सोडून बसली. मी शेजारी बसलो. नदी हलत नव्हती, फक्त सगळ्या पाण्यावर सोनेरी उजेड हलत होता.

"बठ्ठं पानी सोनानं दिखस," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "आनि धूर बी सोसना माले, काही तरास व्हयना नही."

मागे सगळे होते, ऐकू जाईल इतके जवळ. मी आवाज खाली आणला नाही.

"मन्हं चुकनं," मी म्हणालो. "तुन्हा बोलनानी लाज वाटे माले. माफ कर."