मोठेबाबा आणि लॅपटॉपमधला नाकेदार

मागच्या नोव्हेंबरातल्या शेवटच्या सोमवारी, सकाळी ठीक साडेअकरा वाजता, अकोल्यातल्या एका ऑनलाइन सेंटरमध्ये माझ्या मोठेबाबांवर अन्याय झाला. खुर्चीवर बसून श्वास घेणाऱ्या, स्वतःच्या तोंडानं नाव-गाव सांगणाऱ्या, वर आणखी कॉम्प्युटरवाल्या पोराला ‘सरळ बस, पाठ दुखंन’ असा सल्ला देणाऱ्या माणसाला तिथल्या कॉम्प्युटरनं जिवंत मानायला नकार दिला. अन्यायावर पत्रकं काढण्यात माझे हात काळे झालेत. अमरावतीत वसतिगृहाच्या पाण्यावर काढलं, शिष्यवृत्तीवर काढलं, क्लासवाल्यांच्या कोंदट खोल्यांवर काढलं. पण ज्याच्यावर अन्याय झाला तोच माणूस छाती पुढे काढून अन्याय करणाऱ्याच्या बाजूनं उभा राहतो, हा प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला. मोठेबाबांना ओळखणाऱ्यांना मात्र यात काही नवल वाटलं नाही. कारण संशय घेण्याची कला अख्ख्या वऱ्हाडात त्यांच्याइतकी मनापासून कुणी जोपासली नसेल; आणि आपल्यावर कुणी संशय घेतला तर त्यांच्याइतकं खूश होणारंही दुसरं कुणी नसेल.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. सारी नोकरी त्यांनी जकात नाक्यावर काढली. शहरात येणारा माल अडवायचा, पाहायचा, त्यावरचा कर घ्यायचा आणि मग बांबू वर करायचा, हे नाकेदाराचं काम. बार्शीटाकळी रस्त्यावरचा तो नाका म्हणजे त्यांचं राज्य होतं. पुढे जकात गेली, नाका गेला, मोठेबाबांना पाणीपट्टीच्या टेबलावर नेऊन बसवलं आणि तिथूनच ते रिटायर झाले. पण त्यांच्या आतला नाका काही उठला नाही. तो त्यांनी घराच्या फाटकाशी आणून मांडला. लाल प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीखाली पाण्याची बाटली, आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न: “पिशवीत काय हाय?” पोस्टमन असो, गॅसवाला असो, वर्गणी मागायला आलेलं मंडळ असो, पिशवी उघडल्याशिवाय आत पाय नाही. माझ्या चुलत बहिणीला, सुजाताताईला, पाहायला पाहुणे आले तेव्हा मिठाईच्या खोक्याची दोरी मोठेबाबांनी फाटकातच सोडायला लावली. पाहुण्यांचे चेहरे उतरले. मुलगा बिचारा इतका घाबरला की त्यानं आपलं पाकीटही काढून उघडून दाखवलं. “हा पोरगा चालते,” मोठेबाबांनी जागच्या जागी निकाल दिला. “न सांगता खोललं त्यानं.” चहा अजून चुलीवर होता आणि लग्न ठरलं होतं. दोघं सुखात आहेत.

मोठीआई म्हणते, “मी लगन होऊन आली तवा माही ट्रंक खोलाले लावली यायनं. लुगडे पाहाले! म्या म्हनलं, पाहा, अन् जशा होत्या तशा घड्या घालून ठेवा.” मोठेबाबांनी घड्या घातल्या. तेव्हापासून घरातल्या कपड्यांच्या घड्या तेच घालतात. संत्र्यांच्या बाबतीत तर त्यांचं मत पक्कं आहे: जगातलं प्रत्येक चांगलं संत्रं शेंदूरजनाघाटचं असतं. दुसऱ्या गावाचं नाव सांगितलं की ते पावती मागतात. आणि हा न्याय ते स्वतःलाही लावतात, हे मला त्यांच्या बाजूनं नोंदवलंच पाहिजे. बाजारातून आले की स्वतःची पिशवी ओट्यावर स्वतःच उलटी करतात आणि दोन पावलं मागे सरून तिच्याकडे संशयानं पाहतात. एकदा लग्नासाठी अमरावतीला आले होते, तेव्हा मी त्यांना एका मोठ्या दुकानात नेलं. दारावरच्या गार्डनं हातानंच ‘जा जा’ केलं. मोठेबाबा आत गेले, थबकले, मागे वळले. “माही पिशवी पाह्यली नाई तुमी.” गार्ड म्हणाला, “राहू द्या काका.” “राहू द्या म्हंजे? ड्युटी करून राह्यले का हवा खाऊन राह्यले?” शेवटी गार्डनं पिशवीत डोकं घालून पाहिलं. आत त्यांचा टॉवेल आणि चष्म्याचं घर होतं. बाहेर पडताना मोठेबाबांनी त्याच्याशी हात मिळवला.

तर असा हा माणूस त्या सोमवारी हयातीचा दाखला काढायला गेला. पेन्शनवाल्याला दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. आधी साहेबासमोर उभं राहून सही केली की भागायचं. आता कॉम्प्युटरला एक छोटं यंत्र वायरनं जोडतात, त्याच्या काचेवर बोट ठेवायचं, बोट जुळलं की माणूस जिवंत. सेंटरवाल्या पोरानं यंत्र जोडलं आणि कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. पंखा घरघरला, पडद्यावरचा बाण जागच्या जागी गोठला, बोट काही उमटेना. पोरगा म्हणाला, “काका, तुमी दिसूनच नाई राह्यले यात.” मग त्याला कारण सापडलं. “हा अँटीव्हायरस मधात येऊन राह्यला. त्याले बंद करतो, झटक्यात होते.” मोठेबाबांनी विचारलं, “हा करते काय?” “काई नाई काका, बाहेरून जे जोडलं ते तपासते.”

मोठेबाबांनी बोट काढून घेतलं.

“ज्याची ड्युटी तपासाची हाय त्याले उठवतं, अन् मंग मले आत घेतं? नाका उघडा टाकून जिवंत होनं मले मंजूर नाई.” असं म्हणून ते जे उठले ते थेट घरी.

संध्याकाळी मोठीआईचा फोन. “पाह्य, तुह्या मोठेबाबानं काय करून ठेवलं! महिना सरून राह्यला. दाखला नाई गेला तं पेन्शन बंद. कागदावर मेले समजतीन यायले, अन् मी काय दुकानदाराले सांगू, मेलेल्या मानसाच्या नावावर साखर दे म्हनून?” घर त्या पेन्शनवरच चालतं. माझं डोकं तापलं. दुसऱ्याच दिवशी मी मैत्रिणीच्या सेंटरमधलं बोट घ्यायचं यंत्र मागून घेतलं, लॅपटॉप पाठीवर टाकला, एक पिशवी संत्री घेतली आणि अकोल्याची बस धरली. वाटेत निषेधाची चार वाक्यंही जुळवून ठेवली.

“जयभीम मोठेबाबा.”

“जयभीम. पिशवी खोल.”

संत्री पास झाली. (“शेंदूरजनाघाटचे.” माझ्याकडे पावती नव्हती.) लॅपटॉप पास झाला. यंत्रापाशी गाडी अडली. “हे कोनाचं?” “मैत्रिणीचं.” “तिले मालूम हाय तू आनलं म्हनून?” मी फोन लावून मैत्रिणीचा आवाज ऐकवला, तेव्हा कुठे बांबू वर झाला.

आणि मग माझ्याही लॅपटॉपनं तेच नाटक केलं. यंत्र जोडलं की पंखा पिठाच्या गिरणीसारखा फिरायला लागायचा. मी यंत्र दुसऱ्या खाचेत लावून पाहिलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. यंत्राचं सॉफ्टवेअर काढून नव्यानं टाकलं. फरक शून्य. मग कोणता प्रोग्राम किती राबतोय ते दाखवणारा तक्ता उघडला. प्रोसेसर शंभर टक्के, आणि सगळ्यात वर अँटीव्हायरस. वायर उपटली की आकडा खाली, लावली की पुन्हा शंभर. म्हणजे भांडण या दोघांचंच होतं. यंत्राचा प्रोग्राम सारखा दार ठोठावत होता, अँटीव्हायरस प्रत्येक वेळी त्याची पहिल्यापासून झडती घेत होता, आणि दोघांच्या ओढाताणीत लॅपटॉपचा जीव जात होता.

“ही दडपशाही आहे!” मी ओरडले. “एकालेच किती डाव अडवाचं?”

मोठेबाबा खुर्ची सरकवून पडद्याजवळ आले. त्या शंभराच्या आकड्याकडे त्यांनी असं पाहिलं, जसं एखादा म्हातारा पैलवान आखाड्यातल्या नव्या पोराकडे पाहतो. “मन लावून करून राह्यला बापा,” ते हळूच म्हणाले.

“मोठेबाबा, तो तुमालेच अडवून राह्यला!”

“मले नाई. यंत्राले. अन् काहून नाई अडवाव? काल अमरावतीत होतं, आज अकोल्यात आलं. पोटात काय घेऊन आलं, त्याले काय मालूम?”

“पन एकदा पाह्यलं ना त्यानं! घडी घडी काहून?”

“मंग? दूधवाला रोज नाक्यावर येये. म्या रोज कॅन खोलो.”

“अन् रोज दूध नासे!” स्वयंपाकघरातून मोठीआईचा आवाज आला. “सारे दूधवाले मोर्चा घेऊन आलते साहेबाकडे. मंग काय केलं, ते सांगा ना पोरीले. तेवढं बरं नाई सांगत.”

मोठेबाबांनी संत्र्याची साल सोलायला घेतली. सगळी साल एका तुकड्यात उतरवली. मग पुटपुटले, “पास देल्ला.”

“कसला पास?”

“रोज येनाऱ्याचा. मानूस पाहाचा, गाडी पाहाची, माल पाहाचा, मंग त्याच्या नावाचा पास. पास असला का रोज खोलाचं काम नाई. पन नाकेदार जाग्यावरच. नाका चालूच.”

मी कपाळावर हात मारला. अँटीव्हायरसमध्ये हीच सोय असते. एखाद्या प्रोग्रामचं नाव त्यात घातलं की त्याला तो सोडतो आणि बाकी जगावर डोळे वटारून बसतो. रागाच्या भरात पहारेकऱ्याला हाकलायचं एवढंच आम्हा सगळ्यांना सुचलं होतं. मी ते मोठेबाबांना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला, पण लगेच कायदा आठवला. “पासाच्या आंधी पुरी तपासनी.”

झालं. यंत्र बाजूला काढून अख्ख्या लॅपटॉपची झडती सुरू केली. आम्ही अंबाडीची भाजी आणि भाकर खाल्ली, मोठीआईनं एक झोप काढली, मोठेबाबा मात्र पडद्यासमोरून हलले नाहीत. अचानक टिंग झालं आणि ते ताडकन उठले. “माल पकडला! उठ वं, माल पकडला!” मोठीआई दचकून उठली. मी धावत गेले. पाहते तर माझंच पत्रक. वसतिगृहाच्या पाण्याचं, झेरॉक्सवाल्याच्या पेन ड्राइव्हमधून आणलेलं. सोबत व्हायरस घेऊन आलं होतं.

“त्या पत्रकात एक शब्द खोटा नाहीये!” मी म्हणाले.

“पत्रक चांगलंच अशीन,” मोठेबाबा नाकेदाराच्या जुन्या आवाजात म्हणाले. “पिशवी कोनाची होती?”

“घ्या, भावाच्या पोरीचंच पत्रक जप्त केलं,” मोठीआई म्हणाली. “आता तिच्यापासून दंड बी घ्या.”

पत्रक जप्त झालं. अँटीव्हायरस ताजा केला. मग त्याच्या मुभेच्या यादीत मी यंत्राच्या प्रोग्रामचं नाव घातलं. फक्त त्याचं, मोठेबाबांनी चष्मा लावून दोनदा वाचून खात्री केली. यंत्र जोडलं. पंखा घरघरला, मग दमला, मग शांत झाला. आकडा उतरला. काचेखाली लाल दिवा लागला. मोठेबाबांनी बोट ठेवलं. नाही उमटलं. मोठीआईनं त्यांचा हात ओढून पदरानं पुसला. “संत्र्यानं चिकट झाला हात, अन् चालले जिवंत व्हाले!” पुन्हा बोट ठेवलं. हिरवी खूण आली.

“झालो?”

“झालात.”

“मले इचारलं असतं तं म्याच सांगतलं असतं,” मोठीआई म्हणाली, आणि तोंड फिरवून डोळे पुसायला आत गेली.

मोठेबाबांनी खुर्ची मागे सरकवली. “आता पास जमा कर. काम झालं.” मी निमूटपणे यादीतलं नाव काढलं.

बस स्टँडवर सोडायला ते स्कूटर घेऊन निघाले, आणि काही न सांगता उलट्या दिशेला, बार्शीटाकळी रस्त्याला लागले. नाक्याची खोली अजून आहे. दार नाही, खिडकी नाही, आत शेळ्या बसलेल्या. बांबूच्या जागी नुसता खांब. तिथं आल्यावर स्कूटर आपोआप हळू झाली. ट्रक, छोटा हत्ती टेम्पो, मोटरसायकली जोरात निघून जात होत्या. “लोक लय शिव्या देत आमाले,” मोठेबाबा म्हणाले. “पन थांबत. पिशवी खोलत. खोलली का मंग बोलत. पोरीचं लगन, मायचं दुखनं, कपाशीचा भाव. आता काय येते, काय जाते, कोनाले मालूम?” जुळवून आणलेली माझी निषेधाची चारही वाक्यं त्या वेळी तोंडातच राहिली. निषेध करायचा तर कुणाचा?

मोठीआई फोनवर सांगते, आता गल्लीतली पोरं फाटक टाळून मागच्या बोळीनं जातात. पार्सलवाले खोकं फाटकावरून आत टाकून गाडी बंदही करत नाहीत. मोठेबाबा खुर्चीवर असतात. खोकं उचलतात, हलवून पाहतात, आणि ज्याला विचारायचं तो केव्हाच कोपऱ्यावरून वळलेला असतो.

कॉम्प्युटरनं त्यांना वर्षभरासाठी जिवंत ठरवलंय. उरलेलं काम तुमचं. कधी अकोल्याला आलात आणि एखाद्या फाटकाशी लाल खुर्चीवर बसलेला म्हातारा तुमच्या हाताकडे टक लावून पाहताना दिसला, तर घाईत आहोत म्हणून सांगू नका. थांबा. आणि त्यांनी विचारायच्या आत पिशवी उघडा.